पुरावा तर सगळेच देतात, पुढचं काय?

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला ग्लास. हा प्रयोग शाळेत एकदाही बघितला नाही असं माणूस शोधूनही सापडायचं नाही. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, आणि मुलं जर्नलमध्ये लिहितात की हवेतला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, ऑक्सिजन हवेत साधारण एक पंचमांश असतो म्हणून पाणीही साधारण तेवढंच चढलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी, आकृतीला नावं दिलेली, खाली सही, पूर्ण मार्क्स. फक्त निष्कर्ष तेवढा चुकीचा.

निदान बराचसा चुकीचा. आणि गंमत अशी की यात पुराव्याची कमतरता कुठेच नाहीये. पाणी खरंच चढलं, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मुलांना विज्ञानात पुराव्यावरून बोलायला शिकवायचं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की पोरांनी 'असं आहे' म्हटलं की आपण 'कशावरून?' विचारायचं, त्यांनी काहीतरी दाखवायचं, संपलं. पण पुरावा दाखवणं हा यातला सोपा भाग आहे. हा पुरावा याच दाव्याच्या बाजूने का बोलतो आणि दुसऱ्या एखाद्या दाव्याच्या बाजूने का नाही, हे सांगता येणं खरं अवघड, आणि समोर दुसरा दावा उभाच नसेल तर ते सांगायची वेळच येत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही तसं आहे हे. माझ्या सगळ्या शिकवण्याचा भर हल्ली यावरच असतो, की मुलांना एक दावा द्यायचाच नाही, कायम दोन द्यायचे.

मेणबत्तीचंच बघा. पहिला दावा, ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं. दुसरा दावा, ज्योतीमुळे आतली हवा तापून फुगली, थोडी बाहेर निसटली, मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं गेलं. आता फळ्यावर दोन्ही लिहायचे आणि प्रयोग परत करायच्या आधी विचारायचं, पहिला खरा असेल तर काय दिसायला पाहिजे आणि दुसरा खरा असेल तर काय? इथे वर्गात जी कुजबुज सुरू होते ना ती ऐकण्यासारखी असते. कोणीतरी म्हणतं की ऑक्सिजन हळूहळू संपतो, मग पाणीही मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला पाहिजे. कोणीतरी म्हणतं, दुसरं खरं असेल तर पाणी विझल्यानंतरच चढेल. मागच्या बाकावरून हळूच येतं, दोन मेणबत्त्या लावल्या तर? आणि मग वर्ग पेटतो, कारण ग्लास तोच, हवा तेवढीच, त्यातला ऑक्सिजन तेवढाच, मग पहिल्या दाव्याप्रमाणे दोन लावा नाहीतर तीन लावा पाणी तेवढंच चढायला हवं, उलट दुसऱ्या दाव्याप्रमाणे जास्त ज्योती म्हणजे जास्त तापलेली हवा म्हणजे पाणी जास्त वर.

मग करून बघायचं. पाण्यात थोडी शाई टाकायची म्हणजे पातळी नीट दिसते, आणि फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायचा. ज्योत मोठी असते तोवर पाणी जवळपास जागचं हलत नाही, ज्योत बारीक होऊन विझते आणि मग पाणी झपकन चढतं. ग्लास ठेवताना नीट बघितलं तर कडेने बुडबुडे बाहेर येताना दिसतात, ते नेहमी येतातच असं नाही, पण आले की दुसऱ्या दाव्याच्या मुलांचा चेहरा बघावा. आणि तीन मेणबत्त्यांना पाणी एका मेणबत्तीपेक्षा स्पष्ट जास्त चढतं.

इथे थांबून 'तर मुलांनो, दुसरं बरोबर' म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. कारण ऑक्सिजन काहीच कमी होत नाही असंही नाहीये. हवेत तो साधारण 21 टक्के असतो आणि अशा बंद जागेत मेणबत्ती विझते तेव्हा साधारण 16 टक्के शिल्लक असतो, म्हणजे 'संपतो' हे तर खरं नाहीच, शिवाय जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफेचं पाणी होऊन जातं, पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात सावकाश विरघळतो, त्यामुळे तो बराचसा आतच जागा अडवून बसतो. म्हणजे ऑक्सिजनचा थोडा वाटा आहे, पण झपकन चढणाऱ्या पाण्याचा मुख्य हिशोब गार होणाऱ्या हवेचा. 'मुख्यतः', 'थोडा वाटा', 'या पुराव्यावरून एवढंच म्हणता येतं' अशी वाक्यं मुलांच्या तोंडी यायला लागली की समजायचं काहीतरी जमतंय.

हे असले शब्द कुठून आले त्याची एक गोष्ट आहे. स्टीफन टूलमिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 मध्ये युक्तिवादाची एक रचना मांडली, त्यात सहा भाग होते. दावा, त्यासाठीची माहिती, माहितीवरून दाव्यापर्यंत पोचवणारा नियम, त्या नियमाला आधार, दावा कितपत खात्रीने करतोय ते, आणि कुठल्या परिस्थितीत तो लागू होणार नाही ते. त्याच्या डोळ्यासमोर शाळा नव्हती, त्याने उदाहरण घेतलं होतं कोर्टातल्या वादाचं. पुढे विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते उचललं, आणि शाळेसाठी सुटसुटीत करता करता त्याचं दावा, पुरावा, तर्क असं तीन खान्यांचं वर्कशीट झालं. मॅकनील आणि क्राइचिक या विज्ञानशिक्षणाच्या दोन संशोधकांनी ही तीन भागांची पद्धत बरीच लोकप्रिय केली, आणि त्यांनी मोठ्या मुलांसाठी चौथा भाग म्हणजे दुसऱ्या बाजूचं खंडनही सांगितलं होतं, पण वर्गावर्गात पोचलं ते मात्र तीन खाने. अमेरिकेत 2013 साली आलेल्या विज्ञानाच्या मानकांमध्ये पुराव्यावरून युक्तिवाद करणं ही आठ पद्धतींपैकी एक म्हणून घातली, तेव्हापासून तर इंटरनेटवर या वर्कशीटचा पूर आलाय.

वर्कशीटला माझा विरोध नाही. सुरुवातीला काहीतरी सांगाडा लागतोच, नाहीतर पोरं दावा आणि पुरावा एकाच वाक्यात कोंबतात. पण तिसरा खाना मुलं कशी भरतात ते बघा. दावा, पाणी हवा गार झाल्यामुळे चढलं. पुरावा, विझल्यानंतर पाणी चढलं. तर्क, 'कारण विझल्यानंतर पाणी चढलं यावरून सिद्ध होतं की हवा गार झाल्यामुळे पाणी चढलं.' म्हणजे वरची दोन वाक्यं शिवून तिसरं केलं! यात मुलांचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्यांच्या दृष्टीने ते उघडच आहे आणि उघड गोष्ट परत काय सांगायची. पण बाजूला दुसरा दावा उभा केला की त्याच मुलाला लिहावं लागतं की ऑक्सिजनमुळे चढलं असतं तर जळत असतानाच चढायला हवं होतं, तसं दिसलं नाही, आणि गार झाल्यावर वायू आकसतात हे आपल्याला माहीत आहे. हा झाला तर्क. खाना तोच, फक्त आता त्यात लिहायला कारण आहे.

इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाचं. याने एका कुंडीत भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती घेतली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं, आणि 5 वर्षं त्याला पाण्याशिवाय काही दिलं नाही. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकं असलेलं झाकणसुद्धा ठेवलं होतं. 5 वर्षांनी झाड भरलं 169 पौंड आणि काही औंस, आणि माती परत वाळवून तोलली तर फक्त 2 औंस कमी. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापलं गेलं.

मी वर्गात हा डेटा जसाच्या तसा देते आणि आधी सांगते की व्हॅन हेल्मोंटच्या बाजूने जमेल तितका भक्कम युक्तिवाद लिहा. मुलं लिहितात, आणि तो खरंच भक्कम असतो! माती खाऊन झाड वाढतं ही त्या वेळची समजूत तर त्या 2 औंसांनी पार उडवून लावली, तो भाग आजही उभा आहे. मग विचारायचं, झाडाचं वजन पाण्यातूनच आलं असं म्हणताना त्याने न लिहिता काय गृहीत धरलंय? ही शोधाशोध कधीकधी अर्धा तास चालते. माती आणि पाणी या दोनच गोष्टी झाडाला मिळतात, हे ते गृहीतक. हवा हिशोबातच नाही. मापं सगळी चोख, पुरावा अस्सल, आणि दावा मधल्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे कोसळला. त्याहून कहर म्हणजे 'गॅस' हा शब्द विज्ञानात आणला तो याच माणसाने, आणि 62 पौंड कोळसा जाळून 1 पौंड राख उरते मग बाकीचे 61 पौंड कुठे गेले याचाही विचार त्याने केला होता, त्या निसटलेल्या वायूला नाव दिलं होतं. ज्याला आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो, ज्यातला कार्बन घेऊन ते विलोचं झाड वाढत होतं, तोच. हे सांगितल्यावर वर्गात जो 'अर्रर्र' होतो तो मला फार आवडतो.

जॉन स्नो या इंग्लिश डॉक्टरची गोष्टही सगळे सांगतात पण बहुतेक चुकीच्या जागी जोर देऊन सांगतात. 1854, लंडनमधला सोहो भाग, कॉलराची साथ, स्नोने नकाशावर मृत्यू मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झालेले दिसले, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली, टाळ्या. आता मुलांना विचारा, त्या काळच्या लोकांना वाटायचं की कॉलरा दूषित हवेने होतो, तर दूषित हवेच्या बाजूचा माणूस हा नकाशा बघून काय म्हणेल? तो म्हणेल बरोबर आहे, त्या भागातली हवाच वाईट! म्हणजे नुसता ठिपक्यांचा पुंजका दोन्ही दाव्यांना चालतो, तो कोणाच्याच बाजूचा नाही. स्नोची बाजू उभी राहते ती अपवादांवर. पंपाजवळच एक गरीबगृह होतं, 535 माणसं राहायची, त्यातली फक्त 5 गेली, त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यात 70 हून जास्त कामगार, तिथे एकही मृत्यू नाही, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि उलट बाजूला, लांब हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा बाई, ब्रॉड स्ट्रीटकडे बरेच महिने फिरकलीसुद्धा नव्हती, पण तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवायची, ती कॉलराने गेली. तेच पाणी प्यायलेली तिची इस्लिंग्टनला राहणारी भाचीसुद्धा गेली. हवा तीच असून माणसं वाचली, आणि हवा वेगळी असून माणसं गेली. दूषित हवेवाल्याने आता काय करायचं?

आणि दांड्याबद्दल. तो 8 सप्टेंबरला काढला, पण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती, लोक भाग सोडून पळाले होते, आणि हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय की दांडा काढल्यामुळे किती फरक पडला ते ठरवता येत नाही. स्वतःच्या बाजूचा सगळ्यात नाट्यमय पुरावा त्याने स्वतःच बाजूला ठेवला. हे मुलांना सांगावं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पुरावा म्हटलं की मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं आकडा आला म्हणजे झालं. लंबकाचा प्रयोग घ्या. 50 सेंटिमीटरचा दोरा, 50 ग्रॅमचं वजन, 10 आंदोलनांचा वेळ 14.1 सेकंद. मग 100 ग्रॅम लावलं, 14.3 सेकंद. लगेच निष्कर्ष, वजन वाढलं की लंबक मंदावतो. आकडा आहे ना समोर! अशा वेळी काही न बोलता फक्त सांगायचं की 50 ग्रॅमवर तेच परत चार वेळा मोजा. येतात 14.0, 14.3, 14.1, 14.2 असे. म्हणजे काहीही न बदलता रीडिंग तेवढंच मागेपुढे होतंय, स्टॉपवॉचवरचं बोट काही सेकंदाच्या शंभराव्या भागात चालत नाही, मग त्या 0.2 सेकंदाचं काय राहिलं? इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की फरक दिसणं आणि फरक असणं यात अंतर आहे. 'अ‍ॅव्हरेज काढा' असं नुसतं सांगून हे कधीच पोचत नाही.

याच प्रयोगात एक ग्रुप हमखास असा निघतो की ज्यांना खरोखरच स्पष्ट फरक मिळतो, परत परत मोजला तरी मिळतो. जाऊन बघावं तर त्यांनी दुसरं वजन पहिल्याच्या खाली लटकवलेलं असतं, त्यामुळे लंबक खालच्या बाजूला लांबलेला असतो. वजन बदलतोय असं म्हणत त्यांनी लांबीच बदलली. अशा ग्रुपला चूक सांगू नका, त्यांचा डेटा फळ्यावर लिहा आणि बाकीच्यांना विचारा की यांचं असं का येतंय. आपल्यापेक्षा वेगळा निकाल आलेल्यांना वेड्यात न काढता त्यांच्या मांडणीत नेमकं काय वेगळं होतं हे शोधायला लागणं, यासाठी याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

वर्गातल्या बोलण्याबद्दल थोडं. सगळ्यात मोठा अडथळा आपण स्वतः असतो, म्हणजे शिक्षक. मुलं बोलताना आपल्या तोंडाकडे बघतात, भुवई जरा वर गेली की उत्तर बदलतात. 'बरोबर' म्हटलं की वाद संपला, 'अजून कोणी?' म्हटलं की आधीचं चूक होतं हे सगळ्यांना कळतं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात आणि पुराव्याचा आधार घेऊन केलेली विधानं वाढतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही, पण वर्गात उभं राहून गप्प बसून बघा, जीव घाबरा होतो. मी हात पाठीमागे बांधून मनात आकडे मोजते.

आणि एक, वादविवाद स्पर्धेतली हुशार मुलं इथे सुरुवातीला अडखळतात. त्यांना बाजू मिळालेली असते आणि ती शेवटपर्यंत लढवायची सवय असते, समोरच्याचा मुद्दा पटला तरी कबूल करायचं नाही कारण मार्क जातील. इथे उलटं आहे, पुरावा बघून बाजू बदलली तर ते चांगलं. म्हणून मी चर्चेच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मत लिहून घेते आणि ज्यांनी बदललं त्यांना कशामुळे बदललं तेवढं एक वाक्य लिहायला सांगते. न बदललेल्यांनाही सांगते, तुमचं मत कुठल्या रीडिंगने बदललं असतं ते लिहा. हा प्रश्न जरा खडूस आहे पण कामाचा आहे.

'दोन दावे द्या' याचा अर्थ प्रत्येक गोष्ट फिफ्टी-फिफ्टी म्हणून मांडा असा मात्र घेऊ नये. पृथ्वी गोल की सपाट, लस घ्यावी की नको, उत्क्रांती झाली की नाही, यावर वर्गात मतदान घेणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, वर मुलांना वाटतं की यावर अजून दोन तट आहेत. अशा ठिकाणी प्रश्न बदलायचा, की एके काळी लोकांना हे पटत नव्हतं, मग नेमकं काय सापडल्यावर पटलं? आणि हेही खरं की मुलं सगळंच स्वतः तपासू शकत नाहीत, अणू काही वर्गात दाखवता येत नाही. तिथे दुसऱ्याचा पुरावा घ्यावा लागतो, मग तो कोणी मोजला, कसा मोजला, दुसऱ्या कोणी परत करून बघितला का, एवढं विचारायची सवय लागली तरी फॅमिली ग्रुपवरचे निम्मे फॉरवर्ड जागच्या जागी गळतील.

'पण पोर्शनचं काय?' हा प्रश्न येणारच. वेळ लागतो, खोटं कशाला बोला. प्रत्येक धड्याला हे करू नये, जमणारही नाही. जिथे मुलांच्या मनात आधीपासून एक चुकीचं पण पटण्यासारखं स्पष्टीकरण बसलेलं असतं तेवढेच धडे निवडावेत. हवा, उष्णता, प्रकाशसंश्लेषण, बल आणि गती ही हमखास जागा. बाकी वर्गीकरणाचे तक्ते वगैरे सरळ शिकवून मोकळं व्हावं.

परीक्षेतही एक प्रश्न असा टाकला तर मुलं हे गांभीर्याने घेतात. माझा नेहमीचा असा आहे. एकाच प्रकारच्या बिया दोन कुंड्यांत लावल्या, एक कुंडी उजेडात आणि एक पूर्ण अंधारात ठेवली, पाणी सारखंच दिलं. काही दिवसांनी उंची मोजली तर अंधारातली रोपं जास्त उंच भरली. एका विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला की रोपांच्या वाढीसाठी अंधार जास्त चांगला. या निष्कर्षाबद्दल तुमचं मत द्या आणि अजून कोणतं एक मोजमाप घ्याल ते कारणासह लिहा. रीडिंग खरी आहेत, अंधारात रोपं उंच होतातच, उजेड शोधत बारीक लांब पिवळट अशी. जी मुलं पाठ केलेलं लिहितात ती 'हे चूक आहे कारण झाडांना सूर्यप्रकाश लागतो' एवढं लिहून थांबतात, त्यांना थोडेच मार्क मिळतात, कारण समोरच्या आकड्याला त्यांनी हातच लावला नाही. काही जण लिहितात की उंची म्हणजेच वाढ हे त्या मुलाने धरून चाललंय, पानं मोजू, खोडाची जाडी मोजू. आणि एखादी मुलगी लिहून जाते की रोपं मुळासकट उपटून वाळवून वजन करू, आणि न पेरलेल्या तेवढ्याच बियासुद्धा वाळवून तोलू, म्हणजे अंधारातल्या रोपाने नवीन काही कमावलं की बियाण्यातलंच खर्चून नुसतं ताणलं गेलं ते कळेल. तिला मी पूर्ण मार्क देते, 'एक मोजमाप' विचारलेलं असताना तिने दोन सांगितली असली तरी.